ओढायची जागा

वाळूत गाडी फसली की आधी शोध सुरू होतो दोराचा. कोणाकडे आहे, केवढा जाड आहे, पुरेल का. तो गाडीला अडकवायचा कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. एक जण वाकतो, बंपरखाली हाताला लागेल त्या कडीत गाठ मारतो आणि समोरचा ट्रॅक्टर हिसका देतो. ती कडी पुष्कळदा गाडी ट्रेलरवर किंवा जहाजावर चढवल्यावर जखडून ठेवण्यासाठी दिलेली असते. कंपनी हत्यारांच्या पिशवीत आट्यांचा जो हुक देते, तोही बंद पडलेली गाडी डांबरावरून सरळ, सावकाश न्यायच्या कामाचा. आमच्याकडचे एक म्हातारे सुतार, आयुष्य होड्यांत गेलेले, एवढंच म्हणतात, "बांधूची जागा येगळी, वडूची येगळी."

माझ्याकडे गाडीला हुक बसवून घ्यायला येणाऱ्याला बहुतेक वेळा तो दिसायला हवा असतो, तोही लाल. मला आधी चॅसी बघायची असते. थार, जिम्नी, बोलेरो या शिडीच्या चॅसीच्या गाड्या. सगळा ताण शेवटी त्या दोन उभ्या पट्ट्यांवर जायला हवा. बंपर म्हणजे पत्रा आणि प्लॅस्टिक, त्याला हुक लावणं म्हणजे खुंटी भिंतीऐवजी पडद्याला ठोकणं. गाडी वर घेतली की मी चॅसीच्या तोंडाला हातोडीने टकटक करतो. पत्रा खणखणीत वाजला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत गंज आहे. मालवणची हवाच खारी, त्यात पेटीसारख्या चॅसीत शिरलेली वाळू ओल धरून बसते. बाहेरचा काळा रंग तुकतुकीत असतो आणि आतून पापुद्रे सुटत असतात. तिथे मी हुक लावत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

पोकळ चॅसीला आरपार बोल्ट मारून पाना आवळला की तिच्या भिंती आत दबतात, आणि दबलेल्या भिंतीवर बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. म्हणून आत जाड नळीचा तुकडा घालायचा, म्हणजे आवळण्याचा दाब नळी घेते. बाहेरून जाड प्लेट, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. ही प्लेट चॅसीच्या पाणी निथळायच्या भोकावर बसता कामा नये. बोल्ट 8.8 किंवा 10.9 चा, आकडा डोक्यावर कोरलेला. 12 मिमीचा 8.8 बोल्ट सरळ ताणात पावणेसात टनांच्या आसपास टिकतो. तोच आडवा कातरला जाऊ लागला तर जेमतेम चार. हुकाची ओढ बोल्टावर बहुधा आडवीच येते, म्हणून एका बोल्टाचा हुक मला मान्य नाही. वेल्डिंग स्वस्त पडतं, पण टाक्याशेजारचा तापलेला पत्रा बदलतो आणि पुढे तडा तिथूनच जातो.

हुक नेहमी दोन, चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांना एकेक. मधून ओढायचा एक पट्टा घेऊन ओढ दोघांत वाटायची, पण तो लांब हवा. दोन बाजूंमधला कोन 60 अंश असला तर प्रत्येक हुकावर निम्म्याहून थोडी जास्त ओढ येते. 120 अंशांवर प्रत्येकावर पूर्णच येते, शिवाय चॅसीची तोंडं आत खेचली जातात ती वेगळी. पट्टा हुकाला जोडायचा शॅकल 19 मिमीचा, 4.75 टनांचा शिक्का असलेला. शिक्का नसलेला बाजारात निम्म्या किमतीत मिळतो; तो माझ्या दुकानात नाही.

एवढी कटकट हिसक्यासाठी. ओढणाऱ्या गाडीचा वेग दुप्पट झाला की हिसक्यातली ऊर्जा चौपट होते. ताणलेल्या पट्ट्याच्या टोकाचं लोखंड सुटलं की ते काच फोडून आत येतं. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा लावून माणसं मेली आहेत, तीही इतर देशांतली सराईत माणसं. आपल्याकडे तर मदतीला आलेला अर्धा गाव दोराच्या रेषेत उभा असतो.

काही जण हुकाबरोबर बंपरपुढचा बुल बारही मागतात. तो मी बसवत नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं. पायी चालणाऱ्याला त्याचा धोका आहेच, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो.

किनाऱ्यावर गाडी घालूच नये हे मी प्रत्येकाला सांगतो. वायंगणीसारख्या ठिकाणी कासवांची घरटी त्याच वाळूत असतात. पण देवबागेच्या वाटेवरसुद्धा वाळू असते, आणि अवस-पुनवेच्या उधाणाला पाणी कोणासाठी थांबत नाही. फसलंच तर आधी टायरची हवा 15-18 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू फावड्याने काढा. बऱ्याच गाड्या हुकाला हात न लावता निघतात. नंतर मात्र हवा भरून घ्या. तशाच बसक्या टायरने डांबरावरून कुडाळपर्यंत पळवलीत, तर टायरची बाजू तापून फुटते.