पट्ट्याचा ताण आणि अंगठ्याची साक्ष

सेसना 172 किंवा डायमंड डीए-40 यांसारख्या प्रशिक्षण विमानांच्या लायकमिंग इंजिनात ठिणगीची वीज मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यातून चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करणारे स्वतंत्र उपकरण, पुरवत असल्याने अल्टरनेटर बंद पडला तरी इंजिन चालूच राहते. आणि बहुधा म्हणूनच त्याला फिरवणाऱ्या पट्ट्याकडे हँगरमध्ये सर्वांत शेवटी लक्ष जाते.

या पट्ट्याचा अवघड प्रश्न एकच, तो किती ताणावा. कमी ताणला तर तो पुलीत घसरतो, त्याच्या बाजू तापून चकाकू लागतात आणि काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरील आवरणाच्या, आतल्या अंगाला काळी भुकटी साचते. जास्त ताणला तर अल्टरनेटरचे पुढचे बेअरिंग खचते, आणि हा दोष अधिक वाईट, कारण सुरुवातीला तो उत्तम कारागिरीसारखाच दिसतो. लायकमिंगच्या सूचनेनुसार अल्टरनेटरच्या पुलीच्या नटावर टॉर्क रेंच लावून पुली पट्ट्यात केव्हा सरकते ते पाहायचे असते: तीन अष्टमांश इंची नव्या पट्ट्यासाठी 11 ते 13 फूट-पाउंड, वापरलेल्यासाठी 7 ते 9, आणि नवा पट्टा 25 तासांनी पुन्हा तपासायचा, कारण तेवढ्यात तो खाचेत बसून सैलावतो.

तरीही अंगठ्याने दाबून ताण सांगण्याचा अभिमान जुन्या हातांना सोडवत नाही. प्रस्तुत लेखकाचाही तो पुरता गेलेला नाही. वाराणसीच्या हवेत तो विशेष धोक्याचा, कारण मे महिन्यात लू वाहत असताना बाबतपूरच्या विमानतळावर उन्हात उभ्या विमानाचे रबर मऊ पडते, जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी तेच ताठरते, आणि वयाने निबर झालेल्या अंगठ्याला पट्टा बदलला की ऋतू, हे सांगता येत नाही.

मोठी पुली प्रोपेलरच्या मागेच असल्याने प्रोपेलर उतरवल्याशिवाय पट्टा बदलता येत नाही, आणि म्हणून ‘पुढच्या तपासणीला पाहू’ असे सर्रास म्हटले जाते. असे म्हणणाऱ्याने निदान खाचेचा तळ पाहावा. पट्टा बाजूंनी पकड घेतो, तळाने नव्हे. तळ घासून लखलखत असेल तर पट्टा झिजून खाली बसलेला असतो आणि तो पुन्हा ताणणे निरर्थक ठरते.

कॉन्टिनेन्टलच्या काही इंजिनांत पट्ट्याऐवजी दंतचक्र आणि रबरी कपलिंग, म्हणजे दोन फिरत्या भागांमधली लवचीक जोडणी, असते. अल्टरनेटर अडकला तर ही जोडणी घसरावी आणि इंजिनाची दंतचक्रे वाचावीत, अशी तिची रचना आहे. परंतु फाटलेल्या रबराचे तुकडे इंजिनाच्या तेलात उतरतात, म्हणून ते सारे सापडल्याशिवाय नवी जोडणी बसवून इंजिन सुरू करणे हे काम अर्धवट सोडण्यासारखेच आहे.