घरगुती

गणपतीपुळ्याला गेलो की आमचा मुक्काम एका ठरलेल्या खाणावळीत असतो. लहानपणी रत्नागिरीहून एस. टी. ने जात असू, तेव्हा तिला पाटी नव्हती. तिथे डोंगरच गणपती. त्यामुळे प्रदक्षिणा साऱ्या डोंगराची! ती उरकून दमलेल्या यात्रेकरूंना आजी पडवीत पाट मांडून आमटीभात वाढीत. पैसे देवापुढच्या तबकात ठेवावेत; आजी मोजीत नसत.

1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि मुंबईची माणसे वाढली. आजींच्या मुलाने मागे चार खोल्या बांधल्या, वहिनींनी मोदकांचा दर ठरवला आणि दारावर पाटी चढली : 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. मला तिचा रागच आला. मी पडलो मराठीचा मास्तर. घरगुती असेल त्याला पाटी कशाला, हा माझा वाद!

यंदा मे महिन्यात, दुपारी साडेतीनला, पाणी मागायला स्वयंपाकघराशी गेलो. पहाटेपासून मोदक वळणाऱ्या वहिनी आत्ता कुठे ताकभात घेऊन बसल्या होत्या.

"मोदक नाही घेतलात?"

"संपले हो," त्या हसल्या. "सासूबाई तबक मोजत नसत, पण वाण्याची उधारी मलाच मोजावी लागे. त्या पाटीवर माझी लेक शिकली."

मी मुकाट्याने तांब्या उचलला. इतकी वर्षे 'घरगुती' या शब्दाचा अर्थ मी पानावर बसूनच लावीत आलो होतो.