दोन ओळी राहिल्या होत्या

परवा दिवा-रोहा गाडीने माहेरी निघाले होते. सोबत भाचा. पेणला कॉलेजात आहे, एस.वाय.ला. कासू गेलं, नागोठणं आलं तरी स्वारी गप्प. मग एकदम म्हणाला, "आत्या, तो अर्ज नको देऊया. सगळ्यांना कळेल."

अर्ज परीक्षेतल्या जादा वेळेचा. त्याला डिस्लेक्सिया आहे. कळलं कधी, तर बारावीनंतर! तोपर्यंत आमच्या घराने निदान केलेलंच होतं - आळशी. त्यात मी सर्वात पुढे. सातवीच्या सुट्टीत माझ्याकडे आला होता, तेव्हा एकच उतारा दहा वेळा लिहायला लावला. दर वेळी नव्या चुका. मला वाटलं मुद्दाम करतोय. पाठीत धपाटा घातला. आणि हीच मी २००७ साली 'तारे जमीं पर' बघून रुमाल भिजवून आले होते. असो.

न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द मला हल्लीच कळला. मेंदूंची घडण वेगवेगळी असते, प्रत्येक वेगळेपण म्हणजे रोग नव्हे, असं काहीसं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने यादी ७ वरून २१ वर नेली. त्यात ऑटिझम आला, अध्ययन अक्षमताही आली. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, असं केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत म्हटलं होतं. कागदावर सोपं आहे. एका खिडकीवर मात्र ऐकावं लागलं, "दिसायला तर चांगला आहे की!"

नातेवाईक म्हणतात, पेणला आहे ना, मग गणपतीच्या कारखान्यात घाला. त्याला मातीत काडीचा रस नाही हो. त्याला अकाउंट्स आवडतं. एक मॅडम नोट्स आदल्या दिवशी देतात, शिकवलेलं रेकॉर्ड करू देतात. तो ते गाडीत ऐकत बसतो. एवढ्याने किती फरक पडलाय!

निडीच्या आसपास मी त्या धपाट्याचं बोलले. माफी मागितली. "आठवतंय," म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तू घावन केले होतेस." मग म्हणाला, "दे अर्ज इकडे. मीच वाचतो."

ओळीखाली बोट ठेवून वाचू लागला. पुढचा शब्द सांगायचा नाही म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले. फार अवघड गेलं ते. रोहा आलं तेव्हा दोन ओळी राहिल्या होत्या. फलाटावरच्या बाकावर बसून त्याने त्या संपवल्या.

सही अजून केलेली नाही.