राजा नसलेला चौथरा

जर्मनीतल्या ग्योटिंगन स्टेशनातून बाहेर पडलं की सायकलींच्या अफाट गर्दीपलीकडे एक भलाथोरला चौथरा दिसतो. वर काहीच नाही. हानोफरच्या स्टेशनासमोर असाच चौथरा आहे, पण तिथे राजा अर्न्स्ट आउगुस्ट घोड्यावर बसलाय. याच राजानं १८३७ साली राज्यघटना गुंडाळली. ग्योटिंगनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू त्यांतलेच. सातही जणांची नोकरी गेली, तिघांना तर तीन दिवसांत राज्य सोडावं लागलं. २०१५ साली एका शिल्पकर्तीनं इथे राजाला वगळून नुसता चौथरा उभारला आणि त्यावर त्या सातांची आठवण कोरली.

इथे शिकायला आलेल्या परदेशी मुलाला मात्र आधी वेगळीच चिंता असते. शिकवणीची फी नाही, सत्राचं किरकोळ शुल्क तेवढं भरायचं. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवायचे. मग खोली शोधा, खोली मिळाली की आन्मेल्डुंगसाठी, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीसाठी, पालिकेत जा. हे सगळं उरकलं की मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवून गावाभोवती फिरणाऱ्या जुन्या तटावर चालायला मोकळे.

तटालगत एक बुटकं गोल घर आहे. कायदा शिकायला आलेला बिस्मार्क १८३३ मध्ये इथे राहिला, कारण त्याच्या दंगेखोरपणामुळे गावात राहायची मनाई झाली होती. गावात घरोघरी भिंतींवर पांढऱ्या पाट्या: नाव, आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत मुक्काम. पुण्याहून आलेल्याला त्यांच्यात कीलहॉर्न आठवतोच. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवता शिकवता पुण्याच्या शास्त्र्यांकडे तो स्वतः व्याकरण शिकला, १८८२ पासून इथे प्राध्यापक झाला. पतंजलीच्या महाभाष्याची त्याची आवृत्ती छापली गेली ती मुंबईत. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना याच विद्यापीठानं १८८५ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. परदेशी शिक्षण म्हणजे तिकडून इकडे येणारी एकेरी वाट, असं आपण उगाच धरून चालतो.

आणि १९३३. गणितज्ञ एमी न्योटर या बाईंची व्याख्यानं कित्येक वर्षं त्यांचे सहकारी गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या नावानं जाहीर होत, कारण बाईला शिकवायची परवानगी नव्हती. १९१९ ला ती मिळाली. १९३३ ला नाझींनी ज्यू म्हणून हाकललं. त्या अमेरिकेत गेल्या, दोन वर्षांत वारल्या. १९३३ मध्येच भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्नही देश सोडून गेला. तो मात्र म्हातारपणी जर्मनीत परतला, १९७० मध्ये ग्योटिंगनलाच वारला.

गावच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर नावाखाली पुंजयामिकीचं सूत्र कोरलंय: pq−qp, उजवीकडे h. हा h, म्हणजे प्लांकचा स्थिरांक, केवढा हे पाहायला पुस्तक उघडावं लागत नाही. देश न सोडलेला प्लांक त्याच दफनभूमीत आहे, त्याच्या दगडाच्या तळाशी h ची किंमत लिहिलेली आहे.