मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी पार्ट मागून बघा



गेल्या महिन्यात मिनी ट्रॅक्टर बदलला. पूजेचा फोटो टाकला तेव्हापासून फोन चालू आहेत. कोणता घेतला, केवढ्याला पडला, आमच्या बागेत चालेल का. एकेकाला सांगण्यापेक्षा इथेच सगळं लिहितो. नोंद जरा लांब आहे, पण पाच-सहा लाखांची वस्तू आहे, तेवढं वाचायला हरकत नाही.

आधी मागची चूक सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका कृषी प्रदर्शनात पहिला मिनी घेतला. प्रदर्शनात सगळंच चकाचक. सिमेंटच्या जागेवर ट्रॅक्टर उभा, टायरला चिखल नाही, मुलगा बोलायला गोड. प्रदर्शनापुरती सूट होती, मी तिथेच टोकन दिलं. गाडी खोटी नव्हती. तीन वर्षं केळीत रोटावेटर चालवला, फवारणी केली, ट्रॉली ओढली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा कमी आणि माझा जास्त. तिचा जवळचा डिलर दीड वर्षात दुकान बंद करून गेला आणि मला ते पार्ट लागला तेव्हा कळलं.

मागच्या वर्षी जुलैत, मृगबागेची रोपं महिन्याची असताना, हायड्रॉलिक पंप गेला. रोटावेटर जमिनीत, वर उचलेचना. जॅक लावून कसाबसा बाहेर काढला. जळगावला फोन केला, धुळ्याला केला, बऱ्हाणपूरलाही केला. पंप कुठेच नाही. शेवटी परराज्यातून मागवला. आला एकोणिसाव्या दिवशी. भुसावळ जंक्शनला देशाच्या चारी दिशांच्या गाड्या थांबतात, आणि मी एका हातभर पंपासाठी एकोणीस दिवस वाट बघत बसलो.

ते एकोणीस दिवस कसे गेले ते केळीवाल्यांना सांगायला नको. पाऊस लागून होता, वाफसा मधूनच मिळायचा, तण गुडघ्याला आलं. निंदायला बाया मिळेनात, सगळ्यांची कामं एकदमच आलेली. गावात बैलजोड्या मोजक्या राहिल्या, त्यांचे नंबर लागलेले. सालदार रोज विचारायचा, "भाऊ, आज येतो का पंप?" त्याला काय सांगणार.

ऑगस्टमध्ये काही रोपांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले, पोंगा सडायला लागला. सीएमव्ही. आपल्याकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात २०२० ला या रोगाने किती बागा उपटायला लावल्या ते सगळ्यांना आठवत असेल. हा विषाणू तणावर तग धरतो आणि मावा तो केळीवर आणतो. माझ्या बागेत तो तणामुळेच आला असं मी छातीठोकपणे सांगत नाही. रोपांतूनही येऊ शकतो, शेजारच्या काकडी-भोपळ्याच्या वेलांवरूनही येऊ शकतो. पण बांधापासून बांधापर्यंत तण मीच वाढू दिलं होतं, हे खरं. दोनशेच्या वर रोपं उपटून पुरली.

नाना तेव्हा एकच वाक्य बोलले. "आमचा बैल आजारी पडला तर डॉक्टर गावात होता. तुमच्या बैलाचं औषध दुसऱ्या राज्यातून येतं."

म्हणून या वेळी उलटं केलं. आधी औषधवाला शोधला, मग बैल.

भाच्याने मध्येच अमेरिकेतल्या शेतातल्या गाड्यांचे व्हिडिओ पाठवले. छोटी उघडी चारचाकी, मागे हौदा, चिखलातून सुसाट. आपल्या महिंद्रानेही २०१८ ला तिकडे रॉक्सर नावाची अशी जीपसारखी गाडी काढली होती, ती फक्त रस्त्याबाहेर चालवायची म्हणून विकली. बघायला छान आहे. पण आपल्याला एकाच यंत्रात रोटावेटर, फवारणी आणि ट्रॉली तिन्ही पाहिजेत. पीटीओ नसलेली गाडी केळीच्या ओळीत नुसती फिरायला घेऊन काय करू? आपली रस्त्याबाहेरची गाडी म्हणजे मिनी ट्रॅक्टरच.

बाजारात काय काय आहे ते आता क्रमाने सांगतो.

सगळ्यात छोटा स्वराज कोड. ११ एचपी, पेट्रोलवर चालतो. कोळपणी आणि हलक्या कामाला बरा, माझ्या काळ्या जमिनीत रोटावेटरला मला कमी वाटला. महिंद्राचा युवराज २१५ म्हणजे १५ एचपी, एक सिलिंडर, मागची दोनच चाकं ओढणारी. आपल्या भागात जुना झाला आहे, मिस्त्री लोकांना तोंडपाठ आहे. कोरड्यात उत्तम, पण पावसाळ्यात चिकट जमिनीत दोन चाकं जागेवर फिरतात, हे वापरणाऱ्यांनीच सांगितलं. व्हीएसटी शक्तीचा १८०डी साडेअठरा एचपीचा, तीन सिलिंडर. राजकोटच्या कॅप्टनचेही छोटे ट्रॅक्टर गुजरातच्या बाजूने आपल्याकडे दिसतात.

मग येतो २० ते २८ एचपीचा गट, चारही चाकं ओढणारा. महिंद्राचा जिवो २४५, कुबोटाचा निओस्टार बी २४४१, हे दोन्ही २४ एचपीचे. जिवोला दोन सिलिंडर, कुबोटाला तीन. जॉन डिअरचा ३०२८ईएन २८ एचपीचा. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेली महिंद्राची ओजा, जी जपानच्या मित्सुबिशीबरोबर मिळून बनवली आणि तेलंगणात झहीराबादला तयार होते. तिची आपल्याकडची सगळी मॉडेलं फोर व्हील आहेत.

ज्याची मृगबाग पावसाळ्यात काळ्या जमिनीत उभी असते त्याने फोर व्हीलच बघावा असं माझं मत झालं. पैसे जास्त जातात, पण रुतलेला ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागत नाही.

एचपीबद्दल एक गोष्ट. पत्रकावर मोठ्या अक्षरात इंजिनची एचपी असते. रोटावेटर फिरतो तो पीटीओच्या एचपीवर, आणि ती कमी असते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिच्या अहवालात पीटीओची ताकद, वजन, रुंदी सगळं येतं. डिलरकडे हा चाचणी अहवाल मागा. अनुदानालाही तो लागतोच.

रुंदी मोजताना टेप स्वतः न्या. पाच बाय पाचची लागवड असेल तर ट्रॅक्टर बसतो पण रोटावेटर बसत नाही, अशी फजिती होते. जे सगळ्यात रुंद ते मोजा, आणि लॅटरलची जागा सोडा. मी सहा बाय पाचवर आलो ते यासाठीच. तरी पानं पसरली की चार-साडेचार महिन्यांनंतर आत यंत्र घालायचं नाही, हा माझा नियम.

आता मुख्य गोष्ट.

मी पाच डिलरांकडे गेलो. पण ट्रॅक्टर घ्यायला आलोय असं सांगितलं नाही. ट्रॅक्टरचं गिऱ्हाईक म्हणून गेलं की चहा येतो, खुर्ची येते. मी थेट पार्टच्या खिडकीवर गेलो आणि म्हणालो, "या मॉडेलचा हायड्रॉलिक पंप द्या, क्लच प्लेट द्या, पुढच्या एक्सलचं ऑइल सील द्या. काय भाव?"

दोन ठिकाणी तिन्ही वस्तू कपाटात होत्या. एका ठिकाणी सील आणि प्लेट होती, पंप कॉम्प्युटरवर बघून तिसऱ्या दिवशी देतो म्हणाले, तेही चालेल. दोन ठिकाणी म्हणाले, "नंबर देऊन जा, कळवतो." अजून कळवतायत.

या दोघांत एक असा होता की ज्याचा ट्रॅक्टर मला कागदावर सगळ्यात जास्त आवडला होता. भावातही बसत होता. घरी आलो, रात्री दोन-तीनदा कागद काढून बघितला. बायको म्हणाली, "जुलैत पंप गेला तर हा कागद जोडणार का?" कागद ठेवून दिला.

नंतर तिथल्या मिस्त्रीबद्दल विचारलं. डिलरकडे मिस्त्री किती, ते पगारी आहेत की बोलावले तर येणारे, बांधावर येतात की गाडी टेम्पोत घालून आणायला सांगतात, जूनपासून ऑगस्टपर्यंत किती दिवसांत येतात. याची उत्तरं डिलरला विचारू नका, त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. मी प्रत्येकाकडून ज्यांना गाडी घेऊन तीन वर्षं झाली असे शेतकरी मागितले. ज्याने नावं द्यायला टाळाटाळ केली तो तिथेच बाद.

मोठ्या नावावर जाऊ नका, असंही यातून शिकलो. पुण्याची फोर्स मोटर्स आपल्या राज्यातली, जुनी कंपनी. तिचा २७ एचपीचा ऑर्चर्ड मिनी फळबागेत चालायचा. २०२४ मध्ये कंपनीने ट्रॅक्टरचा धंदाच बंद केला. त्यात फसवणूक नाही, धंद्याचा निर्णय आहे. पण ज्याच्या शेडमध्ये ती गाडी उभी आहे त्याला आता पार्टचा विचार आधी करावा लागतो. उलट एस्कॉर्ट्स आणि कुबोटा २०२२ मध्ये एका नावाखाली आले. स्वराज २००७ पासून महिंद्राच्या घरातला, तरी स्वराजचं दुकान वेगळं आणि महिंद्राचं वेगळं. मालक एक म्हणून पार्ट एकाच कपाटात मिळेल असं धरून चालू नका. कंपनी कितीही मोठी असली तरी आपल्यापुरती ती म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरवरचं ते एक दुकान आणि त्यातला तो एक मिस्त्री.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत पाच लाख धरली तर पस्तीस हजार वाचतात. टायर आणि बऱ्याच पार्टचा करही १८ वरून ५ वर आला. जुन्या दराचं कोटेशन कोणी दाखवलं तर तारीख बघा. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. मागच्या वेळी प्रदर्शनात टोकन देऊन मी ते अनुदानही घालवलं होतं. आणि पूर्वसंमतीची मुदत संपत आली म्हणून हाताला लागेल ती गाडी घेऊ नका. अनुदान एकदा मिळतं, पंप परत परत जाऊ शकतो.

शेवटी दोन गाड्या उरल्या. दोन्ही माझ्या शेतात बोलावल्या. पाणी देऊन वाफसा आलेल्या तुकड्यात, माझाच रोटावेटर लावून, एक-एक तास. वळायला बांधाशी किती जागा लागते ते बघितलं. सालदाराला चालवायला दिली, कारण रोज तोच बसणार. त्याचा पाय क्लचवर नीट बसतो का, उतरताना त्रास होतो का, हे त्याने सांगायचं. त्याने जिच्यावर हात ठेवला तीच घेतली. २४ एचपी, फोर व्हील. तिचा मिस्त्री शेजारच्या गावात राहतो. घेण्याआधी त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो.

नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लपवण्यासारखं आहे म्हणून नाही. माझ्या शेजारच्या गावात राहणारा मिस्त्री तुमच्या शेजारच्या गावात राहत नाही, एवढंच. जी गाडी भुसावळला बरोबर ठरली ती शिरपूरला चुकीची ठरू शकते. मी नाव सांगितलं तर तुम्ही पार्टच्या खिडकीवर जाणार नाही, थेट शोरूममध्ये जाल. मीही तसाच गेलो होतो.

हायड्रॉलिक पंपाचं सील किट, ऑइल सील, फॅन बेल्ट आणि दोन फिल्टर घेऊन घरच्या कपाटात ठेवलेत. नाना बघून हसले. म्हणाले, "आता दवाखाना घरातच."

तुमच्याकडे मिनी असेल तर एवढंच लिहा: गाव कोणतं, मॉडेल कोणतं, शेवटचा पार्ट किती दिवसांत मिळाला. चांगला-वाईट लिहू नका, दिवस लिहा. पंचवीस-तीस गावांचे दिवस जमले की यादी करून इथे टाकतो. पुढच्या मृगाच्या आधी ती कोणाच्या तरी कामाला येईल.