आकडा मनगटावरचा आणि दाब दंडावरचा

रक्तदाब दाखवणारी घड्याळे आता जळगाव-धुळ्याच्या बाजारात सहज मिळतात. पडद्यावर १२०/८० दिसले की माणूस निर्धास्त होतो आणि कधी कधी गोळीही सोडतो. मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दिली, तर १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी तिला स्टेथोस्कोपची जोड दिली. फुगणारा पट्टा धमनीवर दाब देतो, म्हणून तिथे खरेच मोजमाप होते. बहुतेक घड्याळे मात्र त्वचेवर प्रकाश टाकून नाडीच्या लाटेचा आकार टिपतात आणि त्यावरून दाबाचा अंदाज बांधतात. सॅमसंगच्या घड्याळातली ही सोय दर चार आठवड्यांनी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागते. अनेक स्वस्त घड्याळे तर तेवढेही न करता आकडा दाखवतात.

खानदेशच्या उन्हाळ्यात हा अंदाज आणखी डळमळीत होतो. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरात जातो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, आणि अनेकांचा दाब हिवाळ्यापेक्षा उतरतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उभे राहताच चक्कर येऊ शकते. डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना नेमके याच दिवसांत ठरवावे लागते. पण रुंदावलेल्या वाहिन्यांमुळे नाडीच्या लाटेचा आकारही बदलतो, म्हणजे आकड्याची गरज सर्वात जास्त असते तेव्हाच त्याचा भरवसा कमी होतो. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत पट्टा नसलेल्या उपकरणांची शिफारस केलेली नाही, ती उगीच नव्हे.

यावर म्हटले जाते की, दवाखान्याची पायरीच न चढणाऱ्याला घड्याळ निदान सावध तरी करील. या म्हणण्यात तथ्य आहे. जगात उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो असल्याचे ठाऊकच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. ॲपलच्या घड्याळातील ज्या सूचनेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये मंजुरी दिली, ती दाबाचा आकडा सांगतच नाही. उच्च रक्तदाबाची शक्यता दिसली की पट्ट्याच्या यंत्राने सात दिवस दाब मोजायला सांगते. सूचना आली नाही म्हणून दाब नाही, असेही ठरत नाही. घड्याळाने इशारा द्यावा, उपचार ठरवू नयेत, ही मर्यादा मला योग्य वाटते. उद्या तंत्र सुधारेल, पण आजची गोळी उद्याच्या यंत्रावर ठरवता येत नाही.

म्हणून साध्या स्मार्टवॉचइतक्याच पैशांत मिळणारे, प्रमाणित असे दंडाचे यंत्र घरात आधी यावे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, न बोलता सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजावे आणि वहीत लिहावे. आठवड्याची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. यंत्र घेणे जमत नसेल, तर गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तपासणी होते. घड्याळातला आकडा पाहून मात्र कोणी गोळी वाढवू नये, आणि बंद तर मुळीच करू नये.