बंबवाला

स्वीडन देशाच्या उत्तर भागात, बॉथनियाच्या आखातालगत, हर्नेफोर्स नावाचे एक लहानसे गाव आहे. लाकडापासून कागदाचा लगदा बनविणारा कारखाना हा एके काळी त्या गावाचा आधार होता. भर हिवाळ्यात तेथे सूर्य जेमतेम चार-पाच तास दिसतो आणि खेळाची मैदाने कित्येक महिने बर्फाखाली गाडलेली असतात. फुटबॉलसारख्या खेळाला इतकी प्रतिकूल भूमी शोधूनही सापडणार नाही. परंतु याच गावात १९ ऑक्टोबर १९२१ रोजी गुन्नार नॉर्डाल याचा जन्म झाला, आणि तो व त्याचे चार भाऊ असे पाचही जण फुटबॉलपटू निघाले!

गुन्नार अंगाने दांडगा होता. रुंद खांदे, खांबासारख्या मांड्या आणि नव्वद किलोंच्या वर वजन. असा मनुष्य धावू लागला म्हणजे मंदगतीने धावेल, अशी पाहणाऱ्याची कल्पना होई आणि ती तत्काळ खोटी ठरे. गावच्या संघातून तो १९४० साली पोलादाच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या डेगरफोर्स गावी गेला आणि तेथून १९४४ साली नॉर्शपिंग या कापडगिरण्यांच्या शहरी आला. युरोप खंडात महायुद्धाचा वणवा पेटला होता. पण स्वीडन तटस्थ असल्यामुळे तेथील साखळी स्पर्धा अखंड चालू राहिली. त्या स्पर्धेत नॉर्डालने १७२ सामन्यांत १४९ गोल केले. १९४५ पासून १९४८ पर्यंत ओळीने चार वर्षे नॉर्शपिंगचा संघ अजिंक्य ठरला. लायोश त्सायझ्लर नावाचा एक हंगेरियन गृहस्थ त्या संघाचा शिक्षक होता. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

इतका नामांकित खेळाडू पोट कशावर भरीत होता? फुटबॉलवर नव्हे. त्या काळी स्वीडनमध्ये फुटबॉल हा हौशी लोकांचा खेळ होता. खेळण्याबद्दल वेतन घ्यावयाचे नाही, असा तेथील फुटबॉल संघटनेचा दंडक होता, आणि जो वेतन घेईल तो धंदेवाईक ठरून राष्ट्रीय संघाला मुके. म्हणून आठवडाभर काम करावे आणि सुटीच्या दिवशी खेळावे, हीच सर्वांची रीत होती. नॉर्डाल नॉर्शपिंगच्या अग्निशामक दलात नोकरीस होता. ज्याचा फटका अडविताना गोलरक्षकांना धडकी भरे, तो गडी एरव्ही आगीच्या बंबावर चढून लोकांची घरे वाचविण्यास जात असे.

या दंडकामागील हेतू उदात्त होता यात शंका नाही. खेळ खेळासाठी खेळावा, त्यात पैशाचा व्यवहार शिरला की निर्मळपणा जातो, असे मानणारी पुष्कळ थोर माणसे तेव्हा होती. इंग्लंडच्या क्रिकेटमध्येही हौशी आणि धंदेवाईक असा भेद १९६२ पर्यंत पाळला जात असे. मात्र असल्या नियमांचा एक गुण असा की, ज्यांच्या घरी खायला आहे त्यांना ते पाळणे फारसे जड जात नाही.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. त्या सामन्यांत केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता, आणि स्वीडनचा सारा संघच हौशी असल्यामुळे देशातील उत्तमोत्तम खेळाडू तेथे जाऊ शकले. नॉर्डाल बंधूंपैकी बर्टिल, क्नुट आणि गुन्नार असे तिघे त्या संघात होते. स्वतंत्र भारताचा संघही याच स्पर्धेत उतरला होता. आपल्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि दोन पेनल्टी वाया गेल्यामुळे फ्रान्सकडून २-१ असे निसटते हरले. स्वीडनने ऑस्ट्रियाला ३-० असे हरविले, कोरियावर तर बारा गोल चढविले, आणि उपान्त्य सामन्यात त्याची गाठ शेजारच्या डेन्मार्कशी पडली.

या सामन्यात घडलेला एक प्रसंग अजून सांगितला जातो. स्वीडनच्या चढाईच्या ओघात नॉर्डाल डेन्मार्कच्या गोलाजवळ एकटाच पुढे राहून गेला. आता चेंडू तिकडे आला असता तर पंचाने ऑफसाइडची शिटी फुंकली असती आणि चढाई फुकट गेली असती. मागे परतण्यास वेळ नव्हता. तेव्हा या धिप्पाड गड्याने काय करावे? त्याने सरळ गोलाच्या खांबांमधून आत, जाळ्यात उडी घेतली! मैदानाच्या रेषेबाहेर गेलेला खेळाडू खेळात धरला जात नाही, हे त्याला त्या क्षणी सुचले. इतक्यात हेन्री कार्लसन या त्याच्या सोबत्याने डोक्याने चेंडू गोलात धाडला आणि जाळ्यात उभ्या असलेल्या नॉर्डालने तो अलगद हातांत झेलला. पंचाने गोल मान्य केला. ताकदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाची बुद्धीही किती चपळ होती, याचे याहून चांगले उदाहरण नाही. स्वीडनने तो सामना ४-२ असा जिंकला आणि अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला ३-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्यांतील दोन गोल गुन्नार ग्रेनचे व एक नॉर्डालचा होता. संपूर्ण स्पर्धेत नॉर्डालने सात गोल केले होते.

लंडनमध्ये हे पदक पाहणारे केवळ स्वीडनचे रहिवासी नव्हते. इटलीतील धनाढ्य संघांची माणसेही या खेळाडूंवर डोळा ठेवून होती. युद्धाने होरपळलेल्या त्या देशात फुटबॉलचे वेड मात्र तसूभर कमी झाले नव्हते, आणि बड्या शहरांचे संघ परदेशी खेळाडूंसाठी थैली मोकळी सोडावयास तयार होते. मिलान संघाने नॉर्डालला बोलावणे धाडले. तो त्या वेळी २७ वर्षांचा होता. घरी पत्नी होती, लहान मुलगा होता. खेळाडूच्या पायांतील बळ किती वर्षे टिकते, हे काही त्याला ठाऊक नव्हते असे नाही. एका बाजूला अग्निशामक दलाचा पगार आणि देशाचा निळा-पिवळा पोशाख. दुसऱ्या बाजूला परका मुलूख, परकी भाषा आणि ज्या कामात तो निष्णात होता त्या कामाचा मोबदला. त्याने दुसरी बाजू पत्करली. जानेवारी १९४९ मध्ये तो मिलानला गेला आणि त्या दिवसापासून स्वीडनच्या राष्ट्रीय संघाचे दार त्याला बंद झाले. देशासाठी ३३ सामन्यांत ४३ गोल करणारा हा वीर पुन्हा कधी देशाच्या बाजूने खेळला नाही.

मिलानला तो आला तेव्हा निम्मा हंगाम सरला होता. उरलेल्या १५ सामन्यांत त्याने १६ गोल केले. पुढच्या उन्हाळ्यात ग्रेन आणि नील्स लीडहोल्म हे त्याचे दोघे देशबंधूही मिलानला आले, आणि त्यांच्या मागोमाग शिक्षक म्हणून आले ते नॉर्शपिंगचे आपले पूर्वपरिचित त्सायझ्लर! तिघा खेळाडूंच्या नावांची आद्याक्षरे जोडून इटालियन लोकांनी ‘ग्रे-नो-ली’ असा एकच शब्द बनविला. ग्रेनला ते ‘प्राध्यापक’ म्हणत, कारण सारा खेळ त्याच्या डोक्यातून निघे. लीडहोल्मची चेंडू देण्याची अचूकता एवढी होती की, दोन वर्षांनी कधीतरी त्याचा चेंडू चुकीच्या जागी गेला तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, अशी आख्यायिका प्रत्येकाच्या नशिबी येत नाही. आणि नॉर्डाल? त्याला कोणी ‘गवा’ म्हणत, तर कोणी ‘थोरला बंबवाला’ म्हणत. सोडून आलेली नोकरी अशी त्याच्या नावाला चिकटून परमुलखात आली होती.

१९४९-५० च्या हंगामात नॉर्डालने ३७ सामन्यांत ३५ गोल केले. बलाढ्य युव्हेंटस संघाला त्याच्याच तुरिन शहरात मिलानने ७-१ असे लोळविले. त्यांतील तीन गोल त्याचे होते. इटलीतील बचाव म्हणजे तटबंदी! एकेका खेळाडूमागे एकेक पहारेकरी लागलेला असे. त्या तटबंदीपुढे केलेला ३५ गोलांचा हा विक्रम तब्बल ६६ वर्षे अभंग राहिला. २०१६ साली अर्जेंटिनाच्या गोन्सालो इग्वाइनने ३६ गोल करून तो मोडला. १९५१ साली मिलानचा संघ अजिंक्य ठरला. त्यापूर्वी हे भाग्य त्याला १९०७ साली लाभले होते. म्हणजे मधल्या ४४ वर्षांत एक अख्खी पिढी वाट पाहून म्हातारी झाली होती. १९५५ साली पुन्हा अजिंक्यपद आले. इटलीच्या साखळी स्पर्धेत सर्वांत अधिक गोल करण्याचा मान नॉर्डालने पाच हंगामांत मिळविला, आणि याबाबतीत त्याची बरोबरी अद्याप कोणालाही करता आलेली नाही.

आता या यशाच्या नाण्याची दुसरी बाजू पाहावी.

१९५० साली ब्राझीलमध्ये जागतिक करंडकाचे सामने झाले. योगायोग असा की, स्वीडन आणि इटली एकाच गटात आले. आदल्या वर्षी, ४ मे १९४९ रोजी, तुरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवर विमान कोसळून तोरिनो संघाचे जवळजवळ सारे खेळाडू ठार झाले होते. त्यांत इटलीच्या राष्ट्रीय संघाचे अनेक आधारस्तंभ होते. उरलेला संघ विमानाची धास्ती घेऊन जहाजाने ब्राझीलला गेला. स्वीडनचा संघही पुरा नव्हता. नॉर्डाल, ग्रेन आणि लीडहोल्म इटलीत पगार घेत होते, म्हणून ते स्वीडनचे राहिले नव्हते, आणि इटलीचे तर ते कधीच नव्हते. २५ जून रोजी साओ पावलो येथे स्वीडनच्या हौशी खेळाडूंनी जगज्जेत्या इटलीला ३-२ असे हरविले आणि अखेरीस स्पर्धेत तिसरे स्थान मिळविले. नियमाचे समर्थक म्हणाले असतील की, पाहा, धंदेवाईकांवाचून काही अडले नाही. परंतु त्याच वर्षी इटलीच्या मैदानांवर ३५ गोल केलेला मनुष्य त्या संघात असता तर तिसऱ्या स्थानावर थांबावे लागले असते काय, हा विचार कोणाही क्रीडाप्रेमी माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. शिवाय त्या विजयी संघातील अनेक हौशी वीरही लवकरच इटलीच्या वाटेला लागले. नियम पवित्र राहिला आणि संघ पुन्हा रिकामा झाला.

याहून चमत्कारिक गोष्ट १९५३ साली घडली. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या नव्वदाव्या वर्षानिमित्त वेम्ब्लीच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध युरोपातील निवडक खेळाडूंचा सामना झाला. नाना देशांतून वेचलेल्या त्या संघात मध्यभागी आघाडीवर खेळण्यासाठी निवड झाली ती नॉर्डालची! सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. सगळ्या युरोपचा प्रतिनिधी होण्यास जो योग्य, तो आपल्या जन्मभूमीचा प्रतिनिधी होण्यास अयोग्य. नियमाचा अर्थ अक्षराला धरून लावला म्हणजे असे घडते.

मिलानच्या वतीने सर्व स्पर्धांत मिळून २२१ गोल करून १९५६ साली नॉर्डाल रोमच्या संघात गेला. वय पस्तिशीकडे झुकले होते. तेथे दोन हंगाम खेळून त्याने इटलीतील साखळी गोलांची संख्या २२५ वर नेली.

आणि नेमके १९५८ साली जागतिक करंडकाचे सामने खुद्द स्वीडनमध्ये भरले. आपल्या अंगणात पाहुणे येणार आणि घरची कर्ती मुले बाहेर उभी राहणार, हे स्वीडनच्या लोकांना रुचेना. संघटनेने दंडक सैल केला आणि परदेशी खेळणाऱ्या धंदेवाईकांना संघात घेतले. लीडहोल्म ३५ वर्षांचा होता. त्याला कर्णधार नेमले. स्वीडनला परतलेला ग्रेन ३७ वर्षांचा होता, तोही खेळला. स्वीडनने अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली. २९ जूनच्या त्या सामन्यात चौथ्याच मिनिटाला लीडहोल्मने गोल केला तेव्हा स्टॉकहोमजवळचे ते मैदान हर्षाने दुमदुमून गेले. पुढे ब्राझीलच्या संघाने आणि त्यातील पेले नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने ५-२ असा विजय हिरावून नेला, ही कथा जगजाहीर आहे. ‘ग्रे-नो-ली’ या शब्दातील पहिले आणि शेवटचे अक्षर त्या दिवशी मैदानात होते. मधले नव्हते. नॉर्डाल तेव्हा ३६ वर्षांचा, म्हणजे ग्रेनहून एका वर्षाने लहान होता; पण त्या संघात त्याचे नाव नव्हते. १९४२ आणि १९४६ चे जागतिक सामने महायुद्धाने गिळले, १९५० चे नियमाने. १९५४ साली स्वीडन पात्रच ठरला नाही. असा हा मनुष्य, जो आपल्या पिढीतील युरोपचा सर्वांत भेदक आघाडीवीर होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही, जागतिक करंडकाचा एकही सामना न खेळता निवृत्त झाला.

नंतरच्या आयुष्यात त्याने स्वदेशी परतून निरनिराळ्या संघांना शिकविले. इटलीची ओढ मात्र सुटली नाही. १५ सप्टेंबर १९९५ रोजी सार्डिनिया बेटावरील आल्गेरो या गावी त्याचे निधन झाले.

पण त्यापूर्वी त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. हौशीपणाचा तो जुना दंडक स्वीडनने १९६७ साली कायमचा रद्द केला. नॉर्डालने नॉर्शपिंग सोडले तेव्हा अगदी लहान असलेला त्याचा मुलगा टॉमस एव्हाना मोठा होऊन फुटबॉल खेळू लागला होता. १९७० साली मेक्सिकोतील जागतिक सामन्यांसाठी स्वीडनचा चमू निघाला, त्यात टॉमस नॉर्डाल हे नाव होते. त्या चमूचा पहिलाच सामना ३ जून रोजी तोलुका येथे झाला, आणि समोर उभा होता इटलीचा संघ.